स्पर्धेच्या रोबोचा गिअरबॉक्स : दात्यांवर वंगण टिकवायचे कसे?

कोल्हापूरच्या आसपास वाढलेल्या माणसाला गुऱ्हाळातला चरक नवा नसतो. चरकाच्या बाजूचे मोठे, उघडे दातेरी चाक संथपणे फिरत असते, त्याच्या दात्यांवर काळ्या ग्रीसचा बोटभर थर चढलेला असतो आणि उसाच्या मोळ्यांमागून मोळ्या आत गेल्या तरी तो थर जागचा हलत नाही. रोबो बांधायला पहिल्यांदाच बसलेली मुले नकळत हेच चित्र मनात धरून गिअरबॉक्समध्ये ग्रीस भरतात. पहिला सराव झाल्यावर झाकण काढले की आतल्या भिंतींवर ग्रीसचे गोल कडे उमटलेले दिसते, बेअरिंगच्या बाजूला गोळे साचलेले असतात आणि जिथे ते हवे होते ते दाते मात्र पुसून ठेवल्यासारखे लख्ख चमकत असतात.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गिअर कापण्याच्या कामावर असतो आणि सुट्टीच्या दिवशी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या एका चमूबरोबर बसतो. दरवर्षी नवी मुले येतात आणि दरवर्षी ग्रीसविषयीचे तेच प्रश्न नव्याने विचारतात. ज्यांच्या जवळपास विचारायला कोणी नाही अशा चमूंसाठी आमची कामाची रीत येथे क्रमाने लिहीत आहे.

ग्रीस दात्यांवरून का जाते

हे समजून घेतले की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप सुचतात, म्हणून थोडे गणित करू. मॉड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचे माप, आणि पिनियन म्हणजे जोडीतले लहान चाक. मॉड्यूल १ चे २० दात्यांचे पिनियन घेतले तर त्याचा पिच व्यास, म्हणजे दोन चाकांचे दाते जिथे भिडतात त्या कल्पित वर्तुळाचा व्यास, २० मिलिमीटर येतो. ते मोटरवर मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल तर पिच वर्तुळावरचा वेग सेकंदाला सुमारे ५.२ मीटर होतो आणि तिथे चिकटलेल्या ग्रीसला धरून ठेवायला गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ २८० पट ओढ लागते. म्हणजे एक ग्रॅम ग्रीस जणू पाव किलोहून जड होऊन दात्यावरून सुटू पाहते. त्याच पिनियनला जोडलेले ६० दात्यांचे चाक मिनिटाला सुमारे १,६६७ फेरे घेते आणि तिथे हीच ओढ ९३ पटींच्या आसपास राहते. चरकाचे चाक इतके हळू फिरते की त्याच्या बाबतीत ही ओढ नगण्य असते. म्हणून चरकाला लागू पडणारी रीत रोबोला लागू पडत नाही, आणि रोबोतही मोटरला लागून असलेली पहिली जोडी सर्वांत आधी कोरडी पडते.

दुसरे कारण दात्यांच्या घासण्यात आहे. दोन दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत. पिच वर्तुळावर क्षणभर ते खरोखर लोळतात, पण तिथून टोकाकडे आणि मुळाकडे जाताना एकमेकांवर घसरतात आणि ही घसरण टोकाला व मुळाला सर्वांत जास्त असते. प्रत्येक गाठीला दात्याच्या अंगावरचे जादा ग्रीस पिळून दोन्ही कडांना ढकलले जाते. कडेला गेलेले ग्रीस परत आत आणणारे काही नसेल, तर काही हजार फेऱ्यांत दात्यावर उरते ती फक्त तेलाची पुसट ओल.

आणि ग्रीस म्हणजे तरी काय, तर तेल धरून ठेवणारा साबणाचा स्पंज. बहुतेक ग्रीसमध्ये लिथियमचा साबण असतो, त्याच्या जाळीत तेल अडकलेले असते आणि दाबाखाली ते थोडे थोडे पाझरते. वंगणाचे काम हे पाझरलेले तेल आणि त्यातली रसायने करतात. भिंतीवर जाऊन बसलेला स्पंज कितीही भरलेला असला तरी दात्याला त्याचा उपयोग नाही. त्यामुळे नव्या चमूने स्वतःला विचारायचा प्रश्न ‘किती ग्रीस भरू?’ हा नसून ‘उडालेले ग्रीस परत दात्यावर कसे आणू?’ हा असावा.

आधी पेटी बंद करावी, मग ग्रीसचा डबा उघडावा

बहुतेक चमूंचा पहिला गिअरबॉक्स म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, मध्ये चार स्पेसर आणि चारही बाजू उघड्या. वजन वाचते, आतले दिसते, उघडायला सोपे पडते, हे सर्व खरे आहे. पण अशा पेटीत कोणतेही ग्रीस टिकत नाही आणि बाहेरची धूळ मात्र थेट दात्यांवर येते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या बाजूला, फाउंड्रीला लागून असलेल्या शेडमध्ये सराव करणाऱ्यांनी तर याकडे विशेष लक्ष द्यावे. मोल्डिंगची वाळू म्हणजे सिलिका. ती ग्रीसमध्ये मिसळली की दाते घासून काढणारा लेप तयार होतो आणि तो वंगणाच्या नेमके उलट काम करतो.

कवचासाठी १.५ मिलिमीटर जाडीचा पॉलिकार्बोनेटचा पत्रा पुरतो. १०० बाय ८० मिलिमीटरच्या तुकड्याचे वजन साधारण १४ ग्रॅम भरते, तेव्हा वजनाची मर्यादा ही सबब येथे चालू नये. पारदर्शक असल्यामुळे आत काय चालले आहे ते न उघडता दिसते. थ्री-डी प्रिंट केलेले कवचही चालते, मात्र पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. मोटरला चिकटून असलेल्या जागी, किंवा एप्रिलच्या दुपारी बंद गाडीत ठेवलेल्या रोबोवर, ते वाकते आणि दात्यांना टेकते. तिथे पीईटीजी वापरावे.

कवच कुठे बसवायचे याला कवच कशाचे आहे यापेक्षा जास्त महत्त्व आहे. दात्यांच्या टोकापासून भिंत दीड ते दोन मिलिमीटरच दूर ठेवावी आणि तिला चाकाच्या गोलाईप्रमाणे वळवावे. इतक्या जवळच्या भिंतीवर उडालेले ग्रीस जाड होऊ लागले की फिरणारी टोके त्याला स्पर्श करतात आणि थोडे थोडे परत ओढून घेतात. भिंत २० मिलिमीटर दूर असेल तर ग्रीस तिथे जाऊन बसते आणि कायमचे बसते. दोन्ही बाजूंच्या कडांनाही पातळ चकत्या लावता आल्या तर पिळून बाहेर पडणारे ग्रीस तिथेच अडते. प्लॅनेटरी गिअरबॉक्समध्ये, म्हणजे मधल्या चाकाभोवती लहान चाके फिरतात अशा पेटीत, बाहेरचे रिंग गिअर हेच काम करते, म्हणून त्यात ग्रीस जास्त काळ टिकलेले आढळते.

पॉलिकार्बोनेटची एक खोड लक्षात ठेवावी. नट सैल होऊ नये म्हणून लावतात तो थ्रेडलॉक आणि ॲसिटोन, पेट्रोल यांसारखी द्रावणे लागली की ताणाखालच्या पॉलिकार्बोनेटला बारीक भेगा पडतात आणि कवच ऐन सामन्यात तडकते. ते साबणाच्या कोमट पाण्याने धुवावे. थ्रेडलॉक लावायचाच असेल तर कवच उतरवून, तो पूर्ण सुकल्यावर ते बसवावे.

मोटरच्या तोंडाला वायुवीजनाची भोके असतील तर पिनियन आणि मोटर यांच्यामध्ये पातळ चकती द्यावी. उडालेले ग्रीस त्या भोकांतून आत गेले की फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कम्युटेटर आणि ब्रश यांच्यामध्ये कार्बनच्या भुकटीबरोबर त्याचा चिखल होतो आणि मोटर हळूहळू ताकद गमावते.

पेटी का बंद करायची, याची आमच्या चमूची एक आठवण आहे. एका वर्षी पेटीची खालची बाजू उघडी ठेवली होती. सरावात रोबो सरळ चालवला की दोन मीटरवर तो डावीकडे झुकायचा. मुलांनी चाकाचे फेरे मोजणारा एन्कोडर बदलला, प्रोग्रॅममधले आकडे पुन्हा पुन्हा बदलले आणि यात दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी रोबो उलटा केला तेव्हा एका बाजूच्या रबरी चाकावर अंगठ्याएवढा ग्रीसचा डाग दिसला. चाक तेवढ्या भागावर आले की घसरत होते. डाग पुसला आणि रोबो सरळ चालू लागला.

दाते तयार करणे

नव्या गिअरला लगेच ग्रीस लावू नये. हॉबिंग करून, म्हणजे यंत्रावर दाते कापून, आलेल्या गिअरच्या कडांना बारीक बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची धारदार किनार, असते. ती सुटून ग्रीसमध्ये मिसळते आणि फिरत राहते. बारीक कानशीने किंवा तारेच्या ब्रशने कडा साफ कराव्यात, मग रॉकेलमध्ये किंवा बाजारात मिळणाऱ्या डिग्रीझरमध्ये गिअर धुवावेत आणि स्वच्छ कापडाने कोरडे करावेत. कारखान्यात वापरतो ती कॉटन वेस्ट येथे नको, कारण तिचे धागे दात्यांत अडकतात. पेट्रोलने धुण्याचा मोह टाळावा. बंद खोलीत, बॅटऱ्या आणि सोल्डरिंगच्या कामाशेजारी ते फार धोक्याचे आहे. ज्या बेअरिंगना आत ग्रीस भरूनच येते ती या धुण्यात बुडवू नयेत. पत्र्याचे झाकण असलेल्या बेअरिंगमध्येही द्रावण शिरते आणि आतले ग्रीस धुऊन नेते. तेल मुरवलेल्या ब्राँझ बुशलाही द्रावण वर्ज्य आहे. तिला ग्रीस न लावता पातळ तेलाचा एक थेंब पुरतो.

यानंतर दात्यांमधली फट पाहावी. हा भाग नवखे नेहमी वगळतात. मध्यांतर, म्हणजे दोन चाकांच्या केंद्रांमधले अंतर, कमी पडले तर दाते दोन्ही बाजूंनी एकमेकांना भिडतात, ग्रीसला उभे राहायला जागाच उरत नाही आणि कितीही चांगले ग्रीस लावले तरी गिअर गरम होतात. २० आणि ६० दात्यांच्या मॉड्यूल १ च्या जोडीचे हिशेबाचे मध्यांतर ४० मिलिमीटर आहे. आम्ही पेटीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत भोके पाडताना त्यात ०.०५ ते ०.१ मिलिमीटरची भर घालतो. पडताळणीसाठी झेरॉक्सच्या साध्या कागदाची पट्टी पुरते, तिची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. पट्टी दात्यांमध्ये घालून चाक हाताने फिरवावे. पट्टीवर घड्या पडल्या पण ती फाटली नाही तर फट ठीक आहे. कागदाला भोके पडली तर फट कमी आहे, आणि पट्टीवर घड्यांच्या खुणाच नीट उमटल्या नाहीत तर जास्त. चाकाच्या एका भागात पट्टी फाटत असेल आणि समोरच्या भागात सैल येत असेल तर भोक मध्यावर नाही किंवा शाफ्ट वाकलेला आहे. तो दोष ग्रीसने झाकला जाणार नाही, म्हणून आधी तो दूर करावा.

कोणते ग्रीस

दुकानात जाऊन नुसते ‘ग्रीस द्या’ म्हटले की बहुतेक वेळा गाडीच्या चाकांच्या बेअरिंगचे एपी-३ हातात येते. त्यातला ३ हा आकडा घट्टपणाची श्रेणी सांगतो. एनएलजीआय या ग्रीस-संस्थेच्या मापात ००० हे जवळजवळ ओतता येईल इतके पातळ आणि ६ हे साबणाच्या वडीसारखे घट्ट. प्रमाणित शंकू २५ अंश तापमानाला ग्रीसमध्ये किती रुततो यावरून ही श्रेणी ठरते. २ क्रमांकाच्या ग्रीसमध्ये तो २६.५ ते २९.५ मिलिमीटर रुततो, ० क्रमांकाच्या ग्रीसमध्ये ३५.५ ते ३८.५ मिलिमीटर. एपी-३ चाकाच्या बेअरिंगमध्ये उत्तम काम करते, कारण तिथे त्याने जागा सोडू नये अशीच अपेक्षा असते. वेगाने फिरणाऱ्या गिअरमध्ये मात्र दाते त्यातून आपली वाट कापून काढतात आणि दोन्ही बाजूंना ग्रीसच्या घट्ट भिंती उभ्या राहतात. त्या भिंतींतले ग्रीस परत येत नाही.

म्हणून निवड पेटीवरून करावी. पेटी पूर्ण बंद असेल, प्लॅनेटरी असेल किंवा गॅस्केट घालून मिटवलेली असेल, तर ० किंवा ०० क्रमांकाचे मऊ ग्रीस घ्यावे. ते भिंतीवरून ओघळून पुन्हा दात्यांकडे येते. कवच आहे पण फटी आहेत अशा पेटीला १ क्रमांक बरा. पेटी उघडीच ठेवणे भाग असेल तर २ क्रमांकाचे, चिकटपणा वाढवणारे द्रव्य घातलेले ग्रीस घ्यावे आणि ते वरचेवर लावण्याची तयारी ठेवावी. चिकटपणा ओळखायला हातमोजा घालून चिमूटभर ग्रीस अंगठा आणि तर्जनीत दाबून बोटे सावकाश दूर करावीत. एक-दोन सेंटिमीटर लांबीच्या तारा ओढल्या गेल्या तर ते दात्याला धरून राहील. लोण्यासारखे लगेच तुटले तर राहणार नाही.

डब्यावर ‘ईपी’, म्हणजे अतिदाब (एक्स्ट्रीम प्रेशर), अक्षरे असावीत. रोबो एका क्षणात थांबतो, उलटा फिरतो, समोरच्याला धडकतो. त्या झटक्यांत तेलाचा थर पिळून निघून जातो आणि धातूला धातू भिडतो. ईपी ग्रीसमधली गंधक आणि फॉस्फरसची संयुगे अशा वेळी दात्याच्या पृष्ठभागावर एक पातळ आवरण तयार करतात आणि त्यामुळे दाते एकमेकांना चिकटून ओरबाडले जात नाहीत. मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलेले, बाजारात ‘मॉली’ म्हणून ओळखले जाणारे काळे ग्रीस हेच काम घन कणांनी करते आणि सावकाश पण जड भार घेणाऱ्या शेवटच्या जोडीला ते विशेष मानवते. ग्रॅफाइटचे ग्रीस ॲल्युमिनियमच्या गिअरवर वापरू नये. ओल लागली की ग्रॅफाइटच्या सहवासात ॲल्युमिनियम गंजते. वर्म गिअरचे चाक ब्राँझचे असते आणि त्यात घसरण जवळजवळ सगळीच असते. तीव्र गंधकाचे ईपी ग्रीस ब्राँझला खाते, म्हणून तिथे पिवळ्या धातूला चालणारे ग्रीस मागून घ्यावे. नायलॉन किंवा ॲसिटालच्या गिअरना सिलिकॉनचे किंवा पीटीएफई मिसळलेले ग्रीस सुरक्षित असते. पोलादावर पोलाद घासत असेल तिथे मात्र सिलिकॉन ग्रीस कमी पडते.

फवारणीच्या डब्याविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण प्रत्येक नव्या चमूच्या खोक्यात डब्ल्यूडी-४० असतेच. ते मुळात धातूवरचे पाणी हटवण्यासाठी बनवले गेले आणि गंजलेला बोल्ट सोडवायला फार उपयोगी आहे. गिअरवर फवारले की दोन मिनिटे आवाज कमी होतो खरा, पण त्यातले द्रावण असलेले ग्रीसही सैल करून धुऊन नेते आणि मागे राहणारा थर दात्यांच्या दाबापुढे टिकत नाही.

एक ग्रीस सोडून दुसरे लावायचे असेल तर पहिले पूर्ण धुऊन काढावे. लिथियमचा साबण आणि पॉलियुरिया यांच्यासारख्या भिन्न जाळ्यांची ग्रीसे एकत्र आली की बहुधा जाळी मोडते, मिश्रण पातळ होते आणि तेल वेगळे होऊन गळू लागते. चमूने एकच ग्रीस ठरवावे आणि त्याचे नाव व क्रमांक गिअरबॉक्सच्या बाहेर मार्करने लिहून ठेवावा. पुढच्या वर्षीच्या मुलांना याचा फार उपयोग होतो.

किती आणि कसे लावावे

प्रमाण अंदाजाने नव्हे, हिशेबाने ठरते. ६० दात्यांच्या, १० मिलिमीटर रुंदीच्या मॉड्यूल १ च्या चाकाचा परीघ सुमारे १८८ मिलिमीटर, दात्याची उंची सव्वादोन मिलिमीटर आणि साधारण निम्मी जागा पोकळ. म्हणजे दात्यांमधली एकूण पोकळी २.१ मिलिलिटर भरते. पिनियनची ०.७ मिलिलिटर धरली तर दोन्ही मिळून २.८ मिलिलिटर, आणि ग्रीसच्या वजनात सुमारे अडीच ग्रॅम. हे सगळे दाते काठोकाठ भरले तर. आम्ही त्याच्या दोन तृतीयांशापर्यंत, म्हणजे दीड-पावणेदोन ग्रॅमपर्यंत थांबतो. चमचाभर ग्रीस उपसून पेटी भरणाऱ्याला हा आकडा फारच लहान वाटतो, पण याहून जास्त झाले की दाते ते नुसते घुसळत बसतात आणि बॅटरीची ऊर्जा ग्रीस तापवण्यात जाते.

औषधाच्या दुकानातली सुईविना १० मिलिलिटरची सिरिंज यासाठी उत्तम. गुजरीतले सराफ वापरतात तसला लहान डिजिटल काटा चमूकडे असेल तर सिरिंज आधी आणि नंतर तोलावी. किती ग्रीस गेले ते तिथेच कळते. सिरिंजने प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या पोकळीत थेंब सोडावा, मग बॅटरी काढलेल्या अवस्थेत चाक हाताने दोन्ही दिशांना दहा-बारा फेरे फिरवावे आणि कडेला आलेले ग्रीस दातकोरणीने किंवा ताठ ब्रशने परत दात्यांत ढकलावे. प्रत्येक दात्याच्या दोन्ही अंगांवर ओला, पारभासक थर दिसला पाहिजे. पांढरे किंवा निळे गोळे दिसत असतील तर ते जादा आहे, काढून टाकावे.

फिरत्या गिअरमध्ये बोट, ब्रश किंवा कापड कधीही घालू नये. बॅटरी जोडलेली असताना कवच उघडायचे नाही, हा नियम आमच्या खोलीत सर्वांना, मलाही, लागू आहे.

पहिली तीन मिनिटे

रोबोकॉन या विद्यार्थ्यांच्या रोबो-स्पर्धेतला सामना साधारणपणे तीन मिनिटांचा असतो, म्हणून पहिली चाचणीही तेवढीच घ्यावी. रोबो ठोकळ्यांवर उचलून ठेवावा, चाके मोकळी ठेवावीत, आधी निम्म्या वेगाने आणि मग पूर्ण वेगाने दोन्ही दिशांना फिरवावे. ग्रीस लावण्याआधी मोटर विनाभार किती विद्युतप्रवाह घेत होती ते मोजून ठेवलेले असावे. ग्रीस लावल्यावर सुरुवातीला तो थोडा वाढतो आणि ग्रीस पसरले की खाली येऊन स्थिरावतो. तीन मिनिटांनंतरही तो चढलेलाच राहिला तर ग्रीस जास्त झाले आहे किंवा फार घट्ट आहे.

आता बॅटरी काढून कवच उघडावे आणि निवांत पाहावे. पहिल्या चाचणीत भिंतीवर ग्रीसचे कडे उमटणारच. त्यात काही चुकलेले नाही. ते खरवडून पुन्हा दात्यांत भरावे आणि आणखी तीन मिनिटे चालवावे. दुसऱ्यांदा उघडल्यावर कडे बारीक झालेले आणि दाते ओले दिसले तर कवच आपले काम करते आहे. दुसऱ्यांदाही दाते कोरडे आणि भिंत भरलेली असेल तर ग्रीसची भर घालू नये. भिंत जवळ आणावी किंवा ग्रीस एका श्रेणीने मऊ घ्यावे. ग्रीस दात्यांवरही नाही आणि भिंतीवरही नाही असे दिसले, तर ते कुठून तरी बाहेर जात आहे. अख्खा गिअरबॉक्स चाचणीआधी आणि चाचणीनंतर काट्यावर ठेवला की किती गेले तेही कळते.

दात्याकडे तिरप्या उजेडात पाहायची सवय लावून घ्यावी. निरोगी दात्यावर पिच रेषेच्या आसपास एकसारखी मंद झिलई असते. टोकाकडे उभे ओरखडे दिसू लागले तर थर तुटतो आहे. दात्याची एकच कड चमकत असेल तर शाफ्ट समांतर नाहीत आणि सगळा भार त्या कोपऱ्यावर पडतो आहे. अशा कोपऱ्यावर कोणतेही ग्रीस टिकत नाही.

नव्या गिअरचे पहिले ग्रीस कायम ठेवायचे नसते. हलक्या भारावर एकूण अर्धा तास चालवल्यावर ते पूर्ण धुवावे, कारण गिअर एकमेकांना बसताना सुटलेला सगळा धातूचा चुरा त्यात असतो. थोडेसे ग्रीस पांढऱ्या कागदावर पसरून खाली चुंबक फिरवावे. पोलादाचे कण हलतात, ॲल्युमिनियमचे हलत नाहीत. ॲल्युमिनियमच्या गिअरचे ग्रीस राखाडी-काळे होतेच, मात्र तो काळेपणा निरुपद्रवी समजू नये. झिजलेल्या ॲल्युमिनियमवर तयार होणारे ऑक्साइड फार कठीण असते आणि तेही वाळूसारखेच घासते. काळे झालेले ग्रीस बदलावे, त्यावर नवे थापू नये.

स्पर्धेच्या दिवसांत

दोन सामन्यांच्या मध्ये गिअरबॉक्स सोडायला वेळ नसतो आणि घाईत सोडलेल्या गिअरबॉक्सचा एखादा स्पेसर हमखास टेबलाखाली जातो. म्हणून कवच बनवतानाच पिनियनच्या बरोबर समोर एम-५ चे भोक पाडून त्यात आखूड स्क्रू बसवावा. स्क्रू काढला की आत दाते दिसतात आणि त्याच भोकातून सिरिंजचे टोक घालून अर्धा ग्रॅम ग्रीस नेमके पहिल्या जोडीवर सोडता येते. आमच्या गिअरबॉक्सला दर चार-पाच सामन्यांनंतर एवढे पुरते. तुमच्या पेटीचा आकडा वेगळा असेल. तो सरावात शोधून वहीत लिहून ठेवावा.

ग्रीस संपत आले की आवाज आधी सांगतो. आमच्याकडचे जुने मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक पेटीच्या स्थिर भागावर टेकवून त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावतात. ओल्या गिअरचा आवाज भरीव, घुमल्यासारखा येतो. कोरड्या गिअरचा किरटा होतो आणि त्यात वाळू चावल्यासारखी खरखर मिसळते. मुलांनी चांगल्या अवस्थेतला आवाज आधी ऐकून ठेवावा, नाहीतर तुलना कशाशी करणार? फिरत्या शाफ्टपासून मात्र अंतर राखावे आणि केस बांधलेले असावेत. सामना संपताच पेटीला हात लावून पाहणेही चांगले. हात ठेवता न येण्याइतकी, म्हणजे सुमारे ६० अंशांच्या पुढे, एकच पेटी तापली आणि तिची जुळी पेटी कोमट असेल तर तिचे भोक उघडून दाते पाहावेत.

रोबोची चाके आणि पेटीची खालची बाजू प्रत्येक सामन्याआधी कोरड्या कापडाने पुसावी. मैदानावर ग्रीसचा डाग पडणे हे आपल्याइतकेच पुढच्या चमूचेही नुकसान आहे. चेन असेल तर तिला ग्रीस न लावता तेल द्यावे, कारण ग्रीस तिच्या पिनांपर्यंत पोहोचत नाही. टायमिंग बेल्ट कोरडाच ठेवावा.

पावसाळ्याआधी

स्पर्धा संपली की रोबो कपाटावर जातो आणि जूनमध्ये कोल्हापूरचा पाऊस सुरू होतो. ईएन-८ किंवा ईएन-३५३ या पोलादांचे गिअर दात्यांच्या अंगावर कोरडे राहिले असतील तर दोन महिन्यांत त्यांच्यावर तांबूस डाग येतात आणि ती गंजाची भुकटी पुढच्या वर्षीच्या ग्रीसमध्ये मिसळते. म्हणून ठेवण्याआधी जुने ग्रीस धुवावे, नवे पातळ लावावे, चाक हाताने फिरवून प्रत्येक दात्याला पोहोचवावे आणि पेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बांधावी. महिन्यातून एकदा शाफ्टला अर्धा-पाऊण फेरा द्यावा, म्हणजे तेच दाते सतत एकमेकांना टेकून राहत नाहीत. दिवाळीनंतर पिशवी सोडल्यावर ग्रीस दुधासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. ते तसेच वापरू नये, सगळे काढून धुण्याच्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी.